धाऊ वर बसलाय

धाऊच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता. डोळखांबच्या खाली नदीवर पिंड ठेवून झाले, भाऊबंद मागे सरकून उभे राहिले, समोरच्या उंबरावर चांगले चारपाच कावळे येऊन बसले आणि बसूनच राहिले. ऊन चढायला लागलं. थोरला मुलगा ज्ञानेश्वर हात जोडून म्हणाला, "आईला अंतर देणार नाय." कावळे हलले नाहीत. "खालचं शेत विकणार नाय." एका कावळ्याने चोच फांदीला घासली, तेवढंच. मग ज्याला जे आठवेल ते तो कबूल करू लागला. कोणी बैलांचं नाव घेतलं, कोणी गावदेवीच्या राहिलेल्या नवसाचं. शेवटी भावकीतला म्हातारा गोमा सगळ्यांच्या मनातलं बोलून गेला.

"तोंडात पाणी पडलं नाय त्याच्या. तहानेला गेलाय तो. कशाला येतोय?"

नम्रता बायकांत उभी होती. ती धाऊची मुलगी. आसनगावला राहायची आणि शहापूरच्या कॉलेजात ग्रंथपाल होती. गोमाआजा म्हणाला ते खरंच होतं. कल्याणच्या इस्पितळात शेवटी शेवटी बाबांच्या नाकात नळी होती. तोंडाने काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते आईला नम्रतानेच समजावून सांगितलं होतं. आई, सकुबाई, घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून काचेच्या दाराबाहेर बसून राहिली. दार उघडलं ते सगळं संपल्यावर. आईने तिला एका शब्दाने बोल लावला नाही. पण त्या दिवसापासून ती रडलीही नव्हती.

दर्भाचा कावळा करायची गोष्ट निघाली तेव्हा नम्रता पुढे झाली. आपण काय बोलणार आहोत हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

"बाबा, दीपगृह बघायला येऊ आम्ही. आईला घेऊन येते."

उंबरावरचा एक कावळा खाली उतरला आणि त्याने भात उचलला.

योगायोग, ती मनाशी म्हणाली. कावळ्यांना भूक लागते, माणसं मागे सरली की ते उतरतात. घरी येईपर्यंत ती हेच म्हणत होती. पण शब्द दिला तो दिला, आणि भावकीसमोर दिला.

करंजटोकचं दीपगृह हा त्या घरातला जुना विनोद होता. पाचसहा वर्षांपूर्वी भात झोडून झाल्यावर मुकादम वीटभट्टीला माणसं न्यायला आला, तेव्हा औंदा दुसरंच काम हाय, असं सांगू लागला. पालघरच्या पुढे समुद्रावर इंग्रजांच्या वेळचं एक लहानसं दीपगृह होतं. कधीतरी वादळात ते पडलं होतं. ते होतं तसं पुन्हा बांधायचं होतं, सिमेंट न वापरता, चुन्यात. चुना मळायच्या घाणीला बैल जुंपायचा, त्या बैलामागे चालायला माणूस हवा होता. धाऊ गेला. चुन्यात हिरड्याचं पाणी घालतात, म्हणून आपल्या डोंगरातला पोतंभर हिरडाही घेऊन गेला. दोन हिवाळे तो तिथे राहिला आणि परत आला तो एक वाक्य घेऊन.

"मी वर बसलोय तिथं. एकदा या बघायला."

कोणी विचारलं काय बांधलंत रे, की हे उत्तर. पारावर लोक त्याला बत्तीवाला म्हणायला लागले. "काय बत्तीवाले, वरून आमचं घर दिसतं का?" "दिसतं ना. तुझ्या बायकोनं सकाळी भाकरी करपवली तीपण दिसली." सगळे हसायचे, धाऊही हसायचा. नम्रताला वाटायचं, कष्ट केले त्याचा हा अभिमान आहे. बांधणारा माणूस भिंतीत राहतो अशा अर्थाचं काहीतरी बाबा आपल्या परीने बोलतात, असा तिचा समज. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला असले अर्थ पटकन सुचतात. दर दिवाळीत जायचं ठरायचं आणि दर दिवाळीत काहीतरी निघायचं.

यंदाच्या दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर, मायलेकी निघाल्या. शहापूरहून वाड्यावरून पालघरची एसटी, तिथून पुढे टमटम. सकुबाईने पिशवीत भाकरी घेतली, पाण्याची बाटली घेतली. टमटम वळली आणि समुद्र दिसला. सकुबाईने तो पहिल्यांदाच पाहिला.

"एवढं पाणी," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि प्यायला नाय."

दीपगृह खडकाच्या टोकावर होतं. पांढरं, गोल, गावच्या देवळाच्या शिखराहून थोडंच उंच.

"हेच? मला वाटलं आभाळाला टेकलं असल."

"लहानच होतं गं मूळचं. होतं तसंच बांधलंय."

"मग उगाच एवढं सांगायचा."

खाली दाराशी एक म्हातारी कोळीण खराटा घेऊन वाळू लोटत होती. किल्ल्या तिच्याच कमरेला होत्या. "चपला काढा बायांनो, वर वाळू नेऊ नका," एवढं बोलून ती पुन्हा कामाला लागली.

आत जिना अरुंद होता, भिंतीला धरून गोल चढणारा. आई पडायला नको म्हणून नम्रताने तिला पुढे घातलं आणि स्वतः मागे राहिली. भिंतींचा चुना गार होता, हाताला गुळगुळीत लागत होता. सकुबाई चढताना तळव्याने भिंत चाचपत होती. तिचं डोकं वरच्या खोलीच्या उजेडात गेलं, आणि ती थांबली.

नम्रताला आईच्या टाचा तेवढ्या दिसत होत्या. त्या हलेनात. मग वर आईचा हात गेला आणि तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला. घरात बाबा अचानक समोर आले की ओढायची तसा.

"आई, काय झालं? चक्कर येतेय का?"

"बसलाय."

"कोण?"

"तुझा बा."

नम्रताने आईला हळूच बाजूला सरकवलं आणि ती वर आली. काचेच्या खोलीत मधोमध पितळी दिवा होता. दिव्याजवळ स्टुलावर खाकी कोट आणि लाल पागोटं घातलेला माणूस बसला होता. हातात फडकं होतं. तो तिचा बाप होता.

पहिल्यांदा तिने काय केलं, तर भिंतीवरची पाटी वाचली. जुन्या काळातील दीपगृहाचा रखवालदार. कृपया हात लावू नये. तिने ती पुन्हा वाचली. पाटीत काही चूक सापडली तर समोरचं सगळं खोटं ठरेल असं वाटून ती अक्षरं निरखत राहिली. मग तिला मान वळवावी लागली.

डाव्या भुवईत बैलाचं शिंग लागलेली खाच होती. नाकाच्या शेंड्याजवळ देवीचा एक वण. तंबाखूची चिमूट धरून धरून एका बाजूला ओढला गेलेला खालचा ओठ. आणि फडकं धरलेल्या हाताची करंगळी, लहानपणी मोडून वाकडी बसलेली. त्या करंगळीला धरून ती डोळखांबच्या बाजाराला जायची. बाबांचा समोरून काढलेला एकही फोटो घरात नव्हता. तिच्या लग्नातल्या सगळ्या फोटोंत ते कोणाशी तरी बोलताना मान फिरवून हसत होते, आणि मतदानाच्या ओळखपत्रावर होता तो नुसता काळा डाग. गेले तीन महिने रात्री डोळे मिटून ती तो चेहरा जुळवायला बघायची आणि तो जुळत नसे. आता तो हाताच्या अंतरावर होता, खारं वारं लागून गालावरचा रंग जरा सुटलेला.

तेवढ्यात जिन्यावर धडधड पावलं वाजली आणि कॉलेजातली दोन मुलं वर आली. त्यांनी समुद्र बघितला, दिवा बघितला, मग एकाने कॅमेरा काढला आणि दुसरा जाऊन पुतळ्याला खेटून उभा राहिला.

"काका, स्माइल," असं म्हणत त्याने पुतळ्याच्या गळ्यात हात टाकला.

नम्रताला ओरडायचं होतं. पण ती नुसती एक पाऊल पुढे झाली.

"तो खांदा सोड रे बाळा," सकुबाई पदराआडून म्हणाली. "दुखतो त्याचा तो."

मुलगा हसला. मग त्याने म्हातारीकडे बघितलं, पुतळ्याकडे बघितलं, आणि हात चटका बसल्यासारखा काढून घेतला. दोघं आली तशी खाली गेली. खाली त्यांनी काहीतरी सांगितलं असणार, कारण जरा वेळाने किल्ल्या वाजवत, हातात फडकं घेऊन ती कोळीण वर आली.

"काय झालं गो बाय? पोरं घाबरली."

"हा कोण?" सकुबाईने विचारलं.

"राखणदार. पाटी हाय ना."

"तोंड कोणाचं?"

"तोंड होय," म्हातारीचा चेहरा खुलला. "तोंड आमच्या धाऊचं. इथं घाणीवर होता बैलामागं. तुमच्याच डोंगराकडचा कुठला तरी. भारी मस्कऱ्या माणूस. तुमी ओळखता?"

"मी घरची त्याची."

म्हातारीने सकुबाईच्या कपाळाकडे पाहिलं, मग गळ्याकडे. तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"कधी?"

"श्रावणात."

"मी आजपण पुसलं याचं तोंड," म्हातारी म्हणाली. "सकाळी. रोज पुसते. नाय पुसलं तर मीठ बसतं." ती भिंतीला टेकून खाली बसली. "रोज बोलते याच्याशी. आता काय धाऊ, भरती कवा, असं. श्रावणापासनं कोणाशी बोलत होते मी?"

म्हातारीचं नाव गुणाबाई, हे तिने मागाहून सांगितलं.

नम्रताच्या मनात बाबांचं ते वाक्य घुमत होतं. मी वर बसलोय तिथं. इतकी वर्षं ते जसंच्या तसं खरं सांगत होते. उलगडून का सांगितलं नाही, तेही तिला आता कळलं. आई जिवंत माणसाची आकृती करू द्यायची नाही. पिठाची, दर्भाची, कसलीच नाही. गावात ती केव्हा करतात हे सगळ्यांना माहीत होतं: माणूस परमुलखात गेला, वाहून गेला, जाळायला देह मिळाला नाही, म्हणजे त्याची आकृती करून तिला अग्नी देतात.

आणि सकुबाई नेमकं तेच बोलायला लागली.

"एक जाळला आमी. आणि हा इथं तसाच. अर्धा जाळून अर्धा ठेवल्यागत झालं. माणूस जाईल कसा?" ती नम्रताकडे वळली. "म्हणून कावळा शिवत नव्हता. तू इथलं नाव घेतलंस तवा आला. नमू, ह्याला खाली घे."

"आई, पुतळा आहे तो."

"पुतळा हाय ते दिसतंय मला. मी काय येडी हाय? खाली घे बोलते. नेऊ नदीवर."

"सरकारी आहे गं. असा नेता नाही येत."

"माझा नवरा सरकारी कधी झाला?"

खरं कारण सरकारचं नव्हतं. हा चेहरा पुन्हा आगीत जाताना आपण बघू शकणार नाही, एवढंच नम्रताला कळत होतं. ती गुणाबाईकडे वळली.

"कसा केला हो हा?"

"मुंबईवरनं कोणी मूर्ती करणारे आलेले," गुणाबाई सांगू लागली. "त्यांना तोंड पायजे होतं. आमच्या कोळ्यांतला कोण तयार होईना, जित्या माणसाचं करू नये बोलले. धाऊ बोलला, मी बसतो, आमच्या गावाला कळत नाय इथलं. खाली निजवला. तोंडाला तेल लावलं आणि पांढरा लगदा थापला वरनं. नाकात दोन नळ्या. हातपण तसेच लगद्यात. आमी बाया पाणी वाहायला होतो, आमी हसतोय, धाऊ मेला, रडा गो रडा. मी तर ऊर बडवून दाखवला. ते लोक ओरडले, हसवू नका त्याला, तोंड हललं तर फुकट जाईल. पण तो हलला नाय. घाणीचा बैल सोडला, पाणी दाखवून परत जुंपला, तवर तसाच पडून होता मढ्यावानी." ती थांबली. जीभ चावली. "नाय, तसं नाय बोलायचं मला."

"बोल," सकुबाई म्हणाली. "मग?"

"मग काय, काढलं. तोंड असं लालबुंद. पहिलं पाणी मागितलं त्यानं. हात लगद्यातच होते अजून, म्हणून मीच तांब्या लावला तोंडाला. घटाघटा प्याला. विहिरीचं गोडं पाणी."

सकुबाईने हे ऐकलं, पिशवी जवळ ओढली आणि बाहेर समुद्राकडे पाहिलं. ओहोटी लागली होती, खडक उघडे पडत होते.

"आणि डोळे?" तिने एकदम विचारलं.

"डोळे मिटलेले होते ना लगद्याखाली. ते मागनं बसवले. काचेचे हायत, आणलेले."

तेव्हा सकुबाई हलली. इतका वेळ ती पुतळ्याच्या बाजूला, पदराआड उभी होती. आता ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली, पदर मागे सारला आणि नीट त्याच्या तोंडाकडे पाहिलं. काचेचे मोठे डोळे तिच्या कडेने समुद्राकडे लागले होते. नम्रताही बघायला लागली आणि पुन्हा हादरली. भुवई बाबांची, वण बाबांचा, ओठ बाबांचा, आणि त्या सगळ्यांतून भलताच कोणी बाहेर बघत होता.

"हा नाय," सकुबाई म्हणाली. "तुझा बा असा टक लावून कधी बघला नाय. कोणाकडंच नाय बघला. बोलताना इकडं बघ, तिकडं बघ." तिने मोठा श्वास सोडला. "गेलाय तो. अडकला नाय."

"मग चल, जाऊ या," नम्रता म्हणाली. तिला खाली मोकळ्यावर जायचं होतं.

"थांब." सकुबाईने पिशवीतून बाटली काढली. "तोंड तर त्याचंच हाय ना? त्याच्या तोंडावरनंच घेतलेलं."

"आई."

"परक्या बाईनं पाजलं. घरच्यांनी नाय पाजलं." यात राग नव्हता, भात किती शिजला सांगावं तसं ती सांगत होती. "ज्ञानू नाय इथं. तू हायस. पाज."

गुणाबाईने पाटीकडे पाहिलं, मग उठून दोघींकडे पाठ केली आणि समुद्राकडची काच पुसायला घेतली.

नम्रताने बाटलीचं झाकण उघडलं. याला काही अर्थ नाही, हे तिला माहीत होतं. नाकातली नळी, काचेचं दार, डॉक्टरांचं बरोबर असलेलं सांगणं, सगळं तिला माहीत होतं. तिने बाटली त्या ओढलेल्या ओठाला लावली आणि जराशी कलती केली. ओठ थंड होता, दगडासारखा. पाणी आत जाईना. ते ओठावर साचलं, कोपऱ्यातून ओघळलं, सुटलेल्या रंगावरून हनुवटीवर आलं. तिने अजून थोडं ओतलं, मग अजून थोडं.

"पुरे गो," सकुबाई मागून म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "ठसका लागल त्याला."

नम्रताने बाटली काढली. तेव्हा तिला दिसलं, आपला डावा हात त्या हनुवटीखाली खोलगट करून धरलेला आहे, आजारी माणसाच्या गळ्यावर पाणी ओघळू नये म्हणून धरतात तसा. तो तिथे कधी गेला, तिला कळलं नव्हतं. तळव्यात घरच्या विहिरीचं पाणी होतं आणि त्यात गालावरच्या रंगाचा तपकिरी धागा.

सकुबाई जमिनीवर बसून रडत होती, तोंडाला पदर न लावता, मोठ्याने. गुणाबाई तिच्याजवळ जाऊन बसली. एकीचा आवाज खाली आला की दुसरीचा वर जायचा. नम्रता तळवा तसाच धरून उभी होती. ते पाणी कुठे टाकायचं, हे तिला सुचत नव्हतं.